मूल तोंड मिटते

११ सप्टेंबर

पोरी,

वर आशीर्वाद लिहिणार होते, पण तेवढं वाचूनच तू पाकीट कचऱ्यात टाकशील, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी बालशिक्षणाच्या वर्गाला नाव घातलंय. हस, हस खुशाल. चार महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आठवड्यातून तीन दिवस वर्ग, दोन दिवस बालवाडीत प्रत्यक्ष काम, आणि शेवटी सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. त्रेपन्नाव्या वर्षी सतरंजीवर मांडी घालून बसतेय. उठताना गुडघे असे वाजतात की शेजारच्या मुली दचकतात. त्या सगळ्या तुझ्याहून लहान.

तूच म्हणालीस ना? जानेवारीत, तुझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. बाळाने घास थुंकला, मी त्याचं नाक जरासं दाबलं, तोंड उघडावं म्हणून. आमच्या आयांनी आमचं दाबलं, आम्ही तुमचं दाबलं, कोणी मेलं नाही. तू वाटी हातातून हिसकावून घेतलीस आणि म्हणालीस, “आधी मूल कसं हाताळायचं ते शिकून ये, मग माझ्या पोराला हात लाव.” एवढ्यावर थांबली असतीस तरी मी गिळलं असतं. पण मग ते दुसरं काढलंस. तू चार वर्षांची असताना ताटात ओकलीस आणि ते मी तुला परत खायला लावलं म्हणे! शी शी शी! लिहितानाही मला मळमळतंय. कुठली आई असं करेल? स्वप्न पडलं असेल तुला, नाहीतर कुठं काही ऐकलं असशील आणि माझ्या नावावर खपवलंस. जावईबापूसुद्धा म्हणाले, “अगं, आई असं करतील का?” असलं काही झालेलं नाही. तेव्हा सांगितलं, आता पुन्हा सांगते.

तर मी शिकून येते. प्रमाणपत्र तुझ्या त्याच टेबलावर आणून ठेवते. मग माझा नातू माझ्या मांडीवर द्यायचा. आठ महिने झाले, मी त्याचा चेहरा पाहिलेला नाही. आता चालायला लागला असेल. बोल, कबूल?

वर्गाचं काय सांगू, कपाळ माझं. आज तीस बायका हाताचे पंख करून खोलीभर बदकासारख्या फिरलो. त्यानंतर पिठाची खळ शिजवली आणि ती बोटांनी कागदावर फासली. नखांत गेली ती अजून निघत नाही. मी तीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखात्यात काढली, रक्तापुवाच्या चादरी उलगडून पाहिल्या, तेव्हा कधी तोंड वाकडं केलं नाही. पण ते कपडे होते, भट्टीत टाकले की झालं. इथल्या खेळायच्या मातीच्या गोळ्याला शंभर पोरांच्या लाळेचा वास येतो आणि तो गोळा परत डब्यात भरून ठेवतात. मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी लिहिणारच, मला ओळखतेसच तू.

आई


३० सप्टेंबर

पोरी,

उत्तर नाही. ठीक आहे.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई काटकुळ्या आहेत, हातात कायम लाल पेन. आम्ही मागून त्यांना लालपेनच म्हणतो. त्यांचा सगळा जीव एका वहीत. निरीक्षणवही. दोघीदोघींची जोडी करून दिलीय. जोडीला एक मूल. दोघींनी एकाच वेळी त्या एकाच मुलाकडे बघायचं आणि आपापल्या वहीत लिहायचं, डावीकडे वेळ, उजवीकडे काय दिसलं ते. एकमेकींच्या वहीत डोकावायचं नाही. मग लालपेन दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवतात. जुळलं नाही तर कोणीतरी एकीने मनचं घातलंय, असा हिशेब. मुलाचं नाव लिहायचं नाही, मुलगा-मुलगी लिहायचं नाही, नुसतं ‘मूल’. मोठ्या माणसाला ‘प्रौढ’. आणि मत द्यायचं नाही. गोड, हट्टी, लाडावलेलं, काही म्हणजे काही चालत नाही.

माझं पहिलं पान सांगते. “मूल अतिशय हट्टी असून मुद्दाम करते. आईबापाने शेफारून ठेवलेले दिसते. वळण नाही.” लालपेननी एकेक शब्द खोडत आणला. शेवटी पानावर एकच शब्द शिल्लक राहिला. मूल. सगळा वर्ग खो खो हसला. मला इतका संताप आला की घरी येऊन मी पातेली आपटली.

माझी जोडीदारीण एकवीस वर्षांची, मोठ्या काचांचा चष्मा, बोलणं मोजून मापून. मला काकू म्हणते. आमच्या वाट्याला आलेलं मूल म्हणजे साडेतीन वर्षांची एक मुलगी. फ्रॉकचं वरचं बटण सतत तोंडात. दिवसभर चोखते. बटणाखालची कापडाची पट्टी ओली चिंब, हनुवटीला पुरळ. मी तिला बटणच म्हणते. बोलत नाही फारशी. जेवत तर नाहीच. मला तिच्या शेजारी बसवत नाही, खरं सांगते. त्या ओल्या हातांनी माझी साडी धरते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. चष्मेवाली मात्र रुमालाने तिची हनुवटी टिपते आणि तोच रुमाल परत आपल्या पिशवीत ठेवते. ईऽ! मी म्हटलं, “अगं, धुऊन तरी घे.” तर म्हणाली, “काकू, लाळच आहे, विष नाही.”

बाळ आता काय काय खातो? एवढं तरी कळव.

आई


२४ ऑक्टोबर

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. “प्रमाणपत्र मिळालं की कळव. मग बघू.” दोन वाक्यं. मी तीसदा वाचली. ‘बघू’ म्हणजे तू येणार. तू लहानपणीही हो म्हणायचं असलं की बघू म्हणायचीस. मी कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय.

आता मला हे प्रमाणपत्र हवंच आहे, म्हणून तोंड बंद ठेवून सगळं सोसतेय. नाहीतर या बालवाडीत सोसण्यासारखं काही नाही. बाहेरून बघावं तर भिंतीवर फुलपाखरं, आत शौचालयाच्या दाराशी कायम मुताचं थारोळं. शेंबूड पुसायला एकच फडकं, ते खिळ्याला टांगलेलं, कडक होऊन उभं राहतं. आमचा वर्ग आणि बालवाडी दोन्ही चालवणाऱ्या मुख्य बाईंच्या खोलीत मात्र अत्तराचा वास.

पण खरी किळस आली ती डब्यांची. इथली एक पद्धत आहे. जेवणं झाली की सगळ्या पोरांचे डबे झाकणं काढून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडतात. आईबाप न्यायला येतात तेव्हा पहिलं ते दिसतं. आमच्याकडे डबे रिकामे जातात, हे मुख्य बाईंचं भूषण. दोन आठवडे मला कौतुक वाटत होतं. परवा मागच्या मोरीत हात धुवायला गेले तर काय, बादलीभर अन्न! उकडलेली अंडी, पाव, केळ्याचे तुकडे, सगळं एकत्र चिवडलेलं, वर माशा. मोठ्या वर्गाच्या बाई एकेक डबा त्यात उपडा करत होत्या आणि चमच्याने कडा खरवडत होत्या, म्हणजे पोराने चाटूनपुसून खाल्ल्यासारखं दिसावं. मला बघून म्हणाल्या, “त्यात काय एवढं? आईबापाला बरं वाटतं.” त्या आया घरी जाऊन दृष्ट काढत असतील पोरांची, आणि इथं ही बादली!

मी चष्मेवालीला सांगितलं, माझ्या हातून असली फसवाफसवी होणार नाही. बटणचा डबा रिकामा दिसेल तर तिच्या पोटात जाऊनच दिसेल. ती म्हणाली, “पण काकू, तिला भूकच नसते.” मी म्हटलं, भूक लावावी लागते. मला शिकवू नकोस, मी एक पोर वाढवलीय.

आई


१९ नोव्हेंबर

पोरी,

आज थोडंच लिहिते. जेवणाच्या वेळेची माझी पाळी सुरू झाली. बटणने आज पूर्ण डबा संपवला. पहिल्यांदाच. मुख्य बाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, अनुभवाची गोष्टच वेगळी.

तर अशी प्रगती आहे.

हात धुऊन धुऊन कातडी सोलवटलीय, पेन नीट धरता येत नाही.

आई


३ डिसेंबर

पोरी,

मागचं पत्र तू फाडून टाकलं असशील तर उत्तम. त्यात मी जे लिहिलं ते खरं होतं आणि तरीही मी तुला फसवलं.

त्या दिवशीच्या वह्या लालपेननी सोमवारी तपासल्या. एका बाकावर दोन्ही उघडून ठेवल्या. माझ्या वहीत होतं, “१२.१० ते १२.२०. मुलाने स्वतःचा डबा पूर्ण संपवला. मूल आनंदी आहे.” त्यांनी सवयीने ‘आनंदी’ खोडलं आणि मग शेजारची वही वाचली. वाचता वाचता त्या खुर्चीवर बसल्या. मग वही माझ्याकडे सरकवली. चष्मेवालीने लिहिलेलं मी इथं जसंच्या तसं उतरवते.

“१२.१० मूल डबा उघडते. बटाट्याला बोट लावते. झाकण परत लावते.
१२.१२ प्रौढ झाकण काढते. म्हणते, चल, आ कर. मूल तोंड मिटते.
१२.१३ प्रौढ डाव्या हाताने मुलाचे नाक धरते. मूल तोंड उघडते. प्रौढ चमचा आत घालते.
१२.१४ पुन्हा तसेच. पुन्हा तसेच.
१२.१६ मूल ओकते. घास झाकणात पडतो.
१२.१७ प्रौढ झाकणातला घास चमच्याने उचलते. मूल तोंड मिटते. प्रौढ नाक धरते.
१२.१८ मूल गिळते. रडत नाही. प्रौढाकडे बघते.
१२.२० डबा रिकामा आहे. प्रौढ झाकण धुते. प्रौढ डबा खिडकीत ठेवते.”

यात एकही मत नाही. दुष्ट म्हणालेली नाही मला, निर्दय म्हणालेली नाही. म्हणाली असती तर भांडले असते, तिचा चष्मा काढून हातात दिला असता. पण खोडायला एक शब्द सापडेना गं. मी तीनदा शोधला. तो प्रौढ कोण, हे क्षणभर मला खरंच कळलं नाही, वाटलं, कोण ही घाणेरडी बाई, हिला पोरांजवळ येऊ कोण देतं? आणि मग डाव्या हाताशी आले. तिथं माझा हात आपोआप पदराआड गेला.

तुला वाटेल, मग मला हाकललं असेल. ऐक तर. लालपेन दोन्ही वह्या घेऊन मुख्य बाईंकडे गेल्या. मला आणि चष्मेवालीलाही बोलावलं. अत्तराच्या वासात उभ्या राहिलो. मुख्य बाईंनी पान वाचलं, वही मिटली आणि विचारलं, “पालकांची तक्रार आलीय का?” नाही. “मुलीला काही झालंय?” नाही. “मग एवढं काय? मुलगी जेवली ना?” मग चष्मेवालीकडे वळून म्हणाल्या, “हे पान फाड आणि काकूंच्या वहीशी जुळेल असं लिही. वह्या जुळल्या नाहीत तर दोघींचं प्रमाणपत्र अडेल, माहितीय ना?” मी लालपेनकडे बघत होते. आता ही बाई उसळेल, आता बोलेल. गोड, हट्टी, गुणी असले शब्द ज्या बाईला खपत नाहीत, ती हे कसं खपवून घेईल? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आणि मी? मीही गप्प राहिले. तुझं कार्ड डोळ्यांपुढे होतं. लाज वाटते लिहायला, पण तेव्हा मला हायसं वाटलं.

चष्मेवालीने तिथंच पान फाडलं, तिथंच नवं लिहिलं. बाहेर आल्यावर ती घडी माझ्या हातात दिली. म्हणाली, “काकू, मला प्रमाणपत्र हवंय, घरी माझ्यावर दोघं अवलंबून आहेत. पण हे मला फेकून देता येत नाही. तुमचं आहे, तुम्ही ठेवा.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझी तिच्याकडे मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

मग तीन दिवसांनी मला राहवलं नाही. मी फाटकाशी उभी राहिले आणि बटणचा बाप आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नाक धरल्याचं, ओकल्याचं, झाकणातलं परत भरवल्याचंही. म्हटलं, मारा मला, तक्रार करा, काही करा. तो हसला! म्हणाला, “अहो काकू, त्यात काय? घरी तर आम्ही दोघं मिळून धरतो तिला. एक हात धरतो, एक भरवतो. तुम्हाला एकटीला जमलं म्हणजे कमालच. उद्यापासून तुम्हीच भरवत जा.” आणि बटण त्याच्या बोटाला धरून उभी होती, बटण तोंडात, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत.

मी मोरीत जाऊन ओकले. कोणी बघायला नव्हतं.

आई


२१ डिसेंबर

पोरी,

काल प्रमाणपत्र मिळालं. प्रथम श्रेणी. शेरा आहे, “मुलांशी वागण्याचे उपजत कौशल्य.” उपजत! खाली लालपेनची सही आहे, निळ्या शाईत. मुख्य बाईंनी पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि त्यांच्याकडेच कायमची जागा देऊ केली. “जेवणाच्या वेळेसाठी मला खास बाईच हवी होती,” म्हणाल्या. मी गुच्छ त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नाही म्हणून आले.

मधल्या दिवसांत मी बटणच्या शेजारी बसत होते. झाकण उघडलं नाही. तिने उघडलं तर उघडलं, लावलं तर लावलं. भरलेला डबा तसाच्या तसा खिडकीत मांडत होते. मुख्य बाई येऊन रोज तो उचलून न्यायच्या, बादलीत उपडा करायच्या, परत मांडायच्या. एकदा तिने केळ्याचा एक तुकडा खाल्ला आणि अर्धा माझ्या हातात दिला, चावलेला, लाळेने बरबटलेला. किळस आलीच, खोटं कशाला बोलू? खाल्ला मी तो. पण हे तुला कौतुकासाठी सांगत नाही. माझा हात तिच्या तोंडाजवळ गेला की ती अजून डोळे घट्ट मिटून घेते, आणि ते काही केळ्याने पुसलं जात नाही.

तुझं कार्ड आजच हातात पडलं. म्हणतेस, प्रमाणपत्र मिळालं असेल तर रविवारी बाळाला घेऊन येतो, तो आता धावतो. धावतो हे दोनदा लिहिलंयस. माझं मागचं पत्र तुला पोचलंच नाही, की ते वाचूनही येतो म्हणतेस, कळत नाही. मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. मग उठून हे लिहायला बसले.

रविवारी येऊ नका. प्रमाणपत्र मी पाठवत नाही, त्याच्यावर विसंबू नकोस. मला प्रथम श्रेणी देणाऱ्यांनी मला बघितलंच नाही. ज्या एकीने बघून लिहिलं, तिचं पान या पाकिटात घालतेय. मूळ पान, तिच्या अक्षरातलं. ते वाच आणि मग बाळाला माझ्याजवळ द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही द्यायचं ठरवलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. बाळ भुकेला नसेल तेव्हा त्याचं झाकण लागू दे, एवढंच म्हणते, आणि ते तुला माझ्याआधी कळलंय.

आता राहिलेलं. थाळी पांढरी होती, काठाला हिरवी रेघ. तीत तुझा भोपळ्याचा गर होता. तुला तो नको होता, तू दोनदा सांगितलंस. तू ओकलीस. बसायला अंथरलेली माझी धुतलेली चादर खराब झाली म्हणून माझं डोकं फिरलं होतं. मी थाळीतलं चमच्याने गोळा केलं, तुझं नाक धरलं आणि भरवलं. दोन चमचे. तू गिळलंस, रडली नाहीस, माझ्याकडे बघत होतीस. मग मी तुला आंघोळ घातली आणि शेजारणीला सांगितलं, आज पोर पोटभर जेवली.

हे पत्र जावईबापूंनाही वाचायला दे. त्यांच्यासमोर मी तुला खोटं पाडलं. जानेवारीत तू टेबलाशी बोलत होतीस तेव्हा मला थाळीची रेघसुद्धा आठवत होती.

आई